एका आवाजाची दोन खोकी

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, ही तर दोन खोकी! एक बुटकं आणि लांबट, दुसरं चौकोनी आणि पुढून जाळी लावलेलं. पण ही दोन्ही मिळून मी एकच आहे. गिटारचा आवाज मोठा करणारा जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या नळ्या. त्या तापून लालसर झाल्या की माझ्यात जीव येतो. पूर्वी माझं सगळं बिऱ्हाड एकाच खोक्यात होतं. वर यंत्र, खाली स्पीकर.

माझा जन्म मुंबईतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या ऑर्केस्ट्रात मी काही वर्षं राबलो. तो मोडला आणि मी कोरेगावच्या, गिटार वाजवणाऱ्या कपिलकडे आलो. कपिलचे वडील धोंडिराम सुतारकाम करत, आणि त्यांची भीमगीतांची गायनपार्टी होती. ते स्वतः हार्मोनियमवर बसत. कपिलची बायको स्वप्ना गायची. मला पाहून धोंडिरामांनी नाकच मुरडलं होतं. पण सांगलीकडच्या एका कार्यक्रमात स्वप्नाच्या आवाजामागून माझ्यातून गिटार झणकली आणि मागच्या रांगेतले लोक उठून पुढे आले. त्यानंतर धोंडिराम स्वतःच्या पंच्याने माझ्यावरची धूळ झटकू लागले.

ते दिवस मोठ्या मानाचे होते, पण सुखाचे नव्हते. मी फार जड. जीपमध्ये मला चढवताना दोन माणसं लागत, आणि दुसरं माणूस वेळेवर कधीच सापडत नसे. शिवाय माझा स्पीकर दणाणला की त्याच्या हादऱ्याने माझेच व्हॉल्व्ह खिळखिळे होत. गाण्याच्या मध्येच मी खरखरू लागे. आज नीट वाजेन ना, हीच काळजी मला प्रत्येक कार्यक्रमाआधी पोखरत असे.

पंच्याण्णव साली, थंडी सरता सरता, कपिलने मला एकट्याने जीपमधून उतरवलं आणि त्याच्या कमरेत कळ गेली. त्याने कोणाला सांगितलं नाही. गिटार मांडीवर घेऊन, ओठ दाबून तो वाजवत राहिला. पण घरी चपला घालताना त्याला भिंत धरावी लागली आणि स्वप्नाने ते पाहिलं.

"आवं, किती दिवस लपवणार हायसा?" ती म्हणाली. "कायमचं अंथरूण धरलं तर गिटार कोण वाजवणार?"

"जयंती तोंडावर आलीया," कपिल म्हणाला. "एवढा महिना निघू दे."

धोंडिराम ऐकत होते. "माझं ऐक, इकून टाक ह्याला," ते म्हणाले. "लाकडालोखंडापायी माणूस मोडायचं व्हय?"

मित्रांनो, ते चुकीचं बोलत नव्हते. तरी मी घाबरलो. जुना, जड आणि खरखरणारा मी. मला घेणार कोण? भंगारवाल्याशिवाय मला दुसरं कोणी दिसेना.

कपिलने मला गावातल्या नाथाजींकडे नेलं. सैन्यात वायरलेस दुरुस्त करून निवृत्त झालेले नाथाजी आता रेडिओ दुरुस्त करत. त्यांनी माझी मागची फळी काढून आत पाहिलं.

"इकतूस कशाला गड्या? ह्याची दोन खोकी कर," ते म्हणाले. "यंत्र येगळं, स्पीकर येगळा. वजन वाटलं जाईल आन व्हॉल्व्हला हादरं बसायचं न्हाईत."

सगळ्यांना पटलं. मला मात्र झोप येईना. मला कापणार? मग मी कुठल्या खोक्यात राहणार? यंत्रात की स्पीकरात? आणि आवाज तोच राहील का?

नाथाजींनी स्क्रू काढून माझं यंत्र बाहेर घेतलं. वर्तमानपत्रावर उघडानागडा पडून मी धोंडिरामांच्या करवतीचा आवाज ऐकत होतो. त्यांनी यंत्रासाठी नवं खोकं केलं आणि उष्णता बाहेर पडावी म्हणून त्याला वरून फटी ठेवल्या. जुन्या खोक्याची मोकळी झालेली जागा फळी ठोकून बंद केली. स्पीकरकडे जाणाऱ्या माझ्या दोन तारा नाथाजींनी कापल्या. त्या जागी दोन्ही खोक्यांना खोबण्या बसवल्या, आणि जोडायला एक जाड तार दिली.

"कपिल, एवढं ध्यानात ठेव," ते म्हणाले. "ही तार लावल्याबिगर ह्याला वाजवायचं न्हाई. व्हॉल्व्हचा जोर स्पीकरात जायाला पायजे. वाट गावली न्हाई तर आतला ट्रान्सफॉर्मर जळंल. मग ह्यो गेलाच."

त्या दिवसापासून माझी सगळी भीती त्या एका तारेत जाऊन बसली.

जयंतीचा कार्यक्रम तासगावजवळच्या एका गावात होता. ऊन कलतं झालं होतं आणि मैदान भरून गेलं होतं. कपिलने तार लावली, दोनदा ओढून पाहिली. तेवढ्यात मंडळाची पोरं आली आणि गर्दीला नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी स्पीकरचं खोकं पुढे ओढलं. तार मागच्या मागे निसटली. कपिल तेव्हा गिटार जुळवत होता. त्याने बटण दाबलं, व्हॉल्व्ह तापू दिले आणि गिटारची तार छेडली.

आवाज आला नाही.

त्याला वाटलं, आवाज कमी ठेवलाय. त्याने बटण फिरवून आवाज वाढवला आणि आणखी जोरात छेडलं. माझ्या अंगातला जोर वाट शोधत आतल्या आत धडका मारू लागला. ट्रान्सफॉर्मर डासासारखा बारीक गुणगुणायला लागला. मी ओरडणार कसा? माझं तोंड तर दुसऱ्या खोक्यात होतं!

कपिलचा हात पुन्हा बटणाकडे गेला. इतक्यात धोंडिराम हार्मोनियम सोडून उठले आणि त्यांनी माझ्याजवळ कान आणला.

"बंद कर! बंद कर आदी!" ते ओरडले. "स्पीकर गप हाय आन यंत्र बोलतंय!"

कपिलने झटकन बटण खाली पाडलं. लोंबणारी तार पाहून त्याचा चेहराच उतरला. लोक चुळबुळ करू लागले. तेव्हा स्वप्ना माईकपुढे आली आणि नुसत्या ढोलकीवर तिने गाणं उचललं. लोक शांत झाले.

तार पुन्हा जोडली गेली. पण कपिलची बोटं बटणावर तशीच राहिली.

"आबा, जळला असंल तर?" त्याने वडिलांना विचारलं.

"दाब रं. काय हुईल ते हुईल."

व्हॉल्व्ह हळूहळू तापले. मलाही ठाऊक नव्हतं, मी उरलोय की नाही. कपिलने एकच तार हळूच छेडली, आणि समोरच्या जाळीतून माझा आवाज आला. माझाच, भरदार, आणि खरखर अजिबात नाही! स्वप्नाने गाता गाताच मागे वळून पाहिलं. धोंडिराम हार्मोनियमवर परतले, पण पुढची ओळ त्यांची चुकलीच.

कार्यक्रम संपल्यावर सवयीने कपिल मला उचलायला वाकला. स्वप्नाने त्याला बाजूला सारलं आणि यंत्राचं खोकं स्वतः घेतलं. स्पीकरचं खोकं धोंडिराम आणि ढोलकीवाल्याने दोन्हीकडून धरलं. कपिल नुसती गिटार घेऊन मागून चालत आला.

मित्रांनो, आता मी पुरता म्हातारा झालो आहे. अजूनही कोणी बटणाला हात लावला की माझ्या काळजात धस्स होतं. म्हणून एक मागणं मागतो. तुमच्याजवळचं एखादं यंत्र गप्प झालं, तर त्याच्यावर आणखी जोर लावू नका. थांबा, जवळ जाऊन कान लावा, कुठली तार सुटली ते बघा. आणि ओठ दाबून ओझं उचलणारं एखादं माणूस दिसलं, तर त्याने सांगायची वाट बघू नका. दुसरी बाजू धरा.