मिसिसिपीची लढाई आणि उकंडाचा कापूस

मिसिसिपीहून आलेलं एक पत्र माझ्याकडे दीड वर्ष उत्तराविना पडून होतं. लिहिणाऱ्या डेलियाबाई तिकडे शाळेत शिकवतात. जुन्या वऱ्हाडातल्या कापसावरचा माझा एक लेख त्यांना कुठे सापडला, कोण जाणे. त्यांनी आपल्या राज्यातली जुनी यादवी कळवली होती. बंदरं बंद पडली, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून मालकांनी कापसाच्या गाठी पेटवल्या आणि कापूस वेचणारी त्यांची गुलाम खापरपणजी त्या धुरातून पळाली. 'तेव्हा तुमच्या भागात काय झालं?' एवढंच त्यांनी विचारलं होतं. मी चारदा उत्तर लिहिलं, चारदा फाडलं. जन्मभर ग्रंथालयात बसलो, पण स्वतःचं वाक्य नेहमी कच्चंच वाटतं.

यंदा कापूस घरी आला तेव्हा मुकुटबनच्या आमच्या गल्लीत व्यापाऱ्याचा मेटॅडोर उभा राहिला. शेजारचा उकंडा भावावरून हुज्जत घालून दमला आणि माझ्या ओट्यावर टेकला.

"काय वाचून राह्यले, सर?"

"अमेरिकेचं पत्र. तिकडे लढाई लागली, बंदरं बंद झाली, कापूस जळाला. मग आपल्याकडे असा भाव चढला की लोकांनी बैलाच्या शिंगांना चांदी मढवली..."

साल शेवटी सांगायची माझी सवय. मी 'अठराशे' म्हणेपर्यंत उकंडा मेटॅडोरपाशी पोचलाही होता.

"ने बे तुही गाडी रिकामी! अमेरिकेत लढाई लागली!"

संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीनं कापूस धरून ठेवला. खरं सांगायला मी उकंडाकडे गेलो, तर त्यानं इतक्या मायेनं दुधाचा चहा पाजला की माझी जीभच उचलेना.

त्याची बैठकीची खोली कापसानं भरली, मागच्या भिंतीशी तर आढ्यापर्यंत. कापसातले किडे निघाले, घरभर खाज सुटली.

"अवो, कवा सरते तुमची लढाई?" त्याची बायको जया पाठ भिंतीला घासत म्हणाली.

"दम धर व. शिंगाले चांदी मढवतो."

"बैल तं मागच्या साली इकले. आता कोनाच्या शिंगाले मढवता, माह्या?"

त्यातच त्यांच्या पोरीला, दीपमालाला पाहायला झरीहून पाहुणे आले. नवरामुलगा राजदीप तिला फोनवरच आवडला होता. पण त्याची आई ममताबाई कडक. घर नीटनेटकं नाही म्हणून तिनं दोन पोरी नाकारल्या होत्या. दीपमाला सकाळपासून घर झाडत होती.

उकंडानं मलाही बोलावलं होतं. जयभीम झाला. बसायला जागाच नव्हती, म्हणून कापसावर जाजम टाकलेलं. ममताबाई बसल्या त्या कमरेपर्यंत आत गेल्या. राजदीप मान खाजवू लागला, मग पोटरी, मग दोन्ही एकदम.

"काहून इकला नाई हा कापूस?" ममताबाईंनी आतूनच विचारलं.

"अमेरिकेत लढाई चालू हाये," उकंडा ऐटीत म्हणाला. "इचारा सरले."

सगळे माझ्याकडे वळले. खोटं बोलावं तर गल्लीचा कापूस घरात सडेल, खरं बोलावं तर पोरीचं जमता जमता मोडेल. दारात चहाचा ट्रे घेतलेली दीपमाला माझ्याकडेच पाहत होती.

"लढाई संपली," मी म्हणालो. "अठराशे पासष्ट साली."

उकंडा बोटांवर वर्षं मोजू लागला. आधी ट्रेमधले कप किणकिणले. दीपमालाला हसू आवरेना. राजदीप हसायला गेला आणि खाजवता खाजवता मागे कोलमडला. वरचा कापूस ढासळून त्याच्या अंगावर आला. मग जया हसली, मग उकंडाही. खिडकीतून पाहणारी गल्ली खिदळत होती.

एकट्या ममताबाई हसल्या नाहीत.

"जितलं कोन पन?"

"कापूस वेचणारे गुलाम सुटले."

केसातला कापूस काढून ममताबाईंनी बोटांनी त्यातली सरकी सोडवली, जन्मभर कापूस वेचल्याची सवय.

"मंग आपलेच जितले म्हना न," त्या म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की त्यांना बाहेर ओढायला तिघं लागले. "पोरगी पसंत हाये, बाप्पा. पन लगनाच्या अगुदर हे गंजी इका!"

रुसून गेलेला मेटॅडोर दुसऱ्या दिवशी आला. भाव तोच होता.

मी पाचव्यांदा लिहायला बसलो आणि या वेळी कागद फाडला नाही. 'डेलियाबाई, तुमच्या लढाईची बातमी आमच्या गल्लीत यंदा पोचली. भाव चढला नाही, पण लग्न जमलं. तुमच्या खापरपणजीला इकडची माणसं आपलीच समजतात.'

पाकिटाच्या डिंकात कापसाचा एक पुंजका चिकटला होता. तो तसाच ठेवून मी पाकीट टपालपेटीत टाकलं.