लालसूचं तोंड

आश्रमशाळेच्या खिडक्यांना गोणपाटं ठोकून अंकुश गुरुजींनी भरदुपारी गावासाठी सिनेमा लावला. परक्या मुलखाचा, परक्या भाषेतला, सगळा हातानं काढलेल्या चित्रांचा. सिनेमात लढाई संपून वर्षं लोटलेली. एक म्हातारी मारलेल्या भावाला आठवून आठवून भिंतीवर काढते. गुरुजी मोठ्यानं मराठीत सांगत होते.

"कार्टूनात माणसं मरून राह्यले, गुरुजी?" बुधू म्हणाला. "कार्टून तं पोट्याइले हसाले राह्यते!"

लोक हसले. सुकरी हसली नाही. तिचा पोरगा लालसू चार वर्षांमागं जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेला आणि ताडपत्रीत गुंडाळून आला. गोळी कोणाची, ते गावाला माहीत आहे. गाव बोलत नाही. बोलणाऱ्यासाठी पोलीस आणि नक्षली, दोन्हीकडं गोळ्या शिल्लक आहेत.

सिनेमा सरला, माणसं उठली. सुकरी बसूनच.

"गुरुजी, माह्या लालसूले काढून द्या."

"फोटो आणा बाई, काढतो."

"त्याच्यासंगं देल्ला."

मेलेल्याचं ते मेलेल्याबरोबर द्यायचं, ही माडियांची रीत. कुऱ्हाड दिली, थाळी दिली, पांघरूण दिलं, आधार कार्डही दिलं. कार्डावर तोंड त्याचं, म्हणजे कार्डही त्याचंच. घरात तेवढा एकच फोटो होता, हे तिला वर्षभरानं उमगलं.

गुरुजींनी पेन्सिल घेतली. "नाक कसं होतं?"

सुकरीनं डोळे मिटले. ताडपत्री उघडल्यावर दिसलं, तेच तोंड पुढं आलं. त्याला नाक उरलंच नव्हतं.

गुरुजींनी अंदाजानं काढलं.

"हा तं बुधूचा पोट्टा झाला. पुसा."

तीनदा पुसलं. कागद फाटायला आला.

"पेपरात आला होता एक फोटो," गुरुजी हळूच म्हणाले. "शोधतो पाहिजे तर."

"तो नको!" सुकरी ओरडली. "तो मुडदा हाय. मले पोरगा पायजे."

मग म्हणाली, "पाठ काढा. त्या सकाळी 'जातो' म्हणला तवा मी चूल फुंकून राह्यली होती. मान वर केली तं पाठच दिसली."

उजवा खांदा जरा खाली. मानेवर टॉवेल. पायात रबरी चप्पल. ती सांगत गेली, गुरुजी काढत गेले.

"हो. हाच हाय." तिनं कागदावरच्या खांद्यावर बोट ठेवलं.

"आता याले इकडं वळवा, गुरुजी."

गुरुजींनी पेन्सिल खाली ठेवली.