तीन डब्यांचा एक रंग

मी रंग बोलतोय. वालूरजवळच्या एका गावात, धोंडीबाच्या घरातल्या सिमेंटच्या कोब्यावरचा. जरा जपून या हो, चिकटाल! मला अजून धड वाळता आलेलं नाही.

माझा जन्म तेलाच्या रिकाम्या डब्यात झाला. धोंडीबा शेळ्या सांभाळतो आणि अधूनमधून परभणीला बांधकामावर मजुरीला जातो. तिथं काम संपलं की डब्यांच्या तळाला थोडा थोडा रंग उरतो. मुकादम म्हणाला, "घेऊन जा," की धोंडीबा घेऊन येतो. असे तीन डबे जमले. लाल, हिरवा नि राखाडी. तिन्ही फरशीचेच, पण तीन कंपन्यांचे. दोघांत टर्पेंटाईन घालायचं, तिसऱ्यात पाणी. डब्यांवर लिहिलं होतं तसं, पण वाचतंय कोण? धोंडीबानं बाभळीच्या काडीनं तिघांना एकत्र घुसळलं आणि मी तयार झालो, करपलेल्या गुळासारखा.

"फरशीला काय कळायलंय कंपनी?" तो बायकोला म्हणाला.

फरशीला नसेल कळत, मला कळत होतं! माझ्या पोटात तिघांची नुसती जुंपली होती. तेल पाण्याला जवळ येऊ देईना, पाणी तेलाला. मला एक क्षण स्वस्थता म्हणून नाही.

घाई होती ती साधनाच्या पाहुण्यांची. साधना ही धोंडीबाची एकुलती लेक. तिला बघायला गंगाखेडहून हरिओम नावाचा मुलगा आपल्या मामांबरोबर यायचा होता. साधनाच्या आईला, बानूबाईला, उघड्या सिमेंटची लाज वाटायची, म्हणून मला फासलं. दुसऱ्या दिवशी तिनं बोट टेकवून पाहिलं, तर बोटाबरोबर मीही ताणून वर आलो.

"अवो, ह्यो वाळंना की!"

"पंखा लाव. वाळंल."

पंखा लावला, दारं उघडी टाकली. साधना येता-जाता वाकून बघायची. मी जीव खाऊन अंग आवळायचो, की आतला एक जण पुन्हा सुटायचा. पाहुणे दारात आले तरी मी आपला ओलाच!

बाहेरच्या दारापासून पोती टाकून वर सतरंजी अंथरली, तिच्यावर त्यांना बसवलं. स्वयंपाकघराच्या दारापासून सतरंजीपर्यंतचा पट्टा तेवढा मोकळा होता. मामा किशनराव म्हणाले, "रंग नवा दिसायलाय."

"परभणीहून खास आणलाय," धोंडीबा बोलून गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साधना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली, चहा हातोहात पुढं गेला. किशनराव म्हणाले, "पोरीला जरा चालून दावायला सांगा."

साधनाचा चेहरा उतरला. बापाबरोबर ती बाजारात शेळ्या घेऊन जायची. गिऱ्हाईक शेळीला असंच चार पावलं चालवून बघतं. तरी ती उठली. तिचं पहिलं पाऊल पडलं आणि मी ते धरलं. अरे सोड, सोड की! मी माझ्यावरच ओरडत होतो. पण चिकटपणा माझं ऐकेल तर ना! तिनं हिसका देऊन पाय उचलला, तर दुसरा अडकला. तोल गेला, तिनं भिंत धरली.

किशनरावांनी कप खाली ठेवला. "पायात काई दोष हाय का?"

दोष माझा आणि बोल तिला! साधनाला खरं सांगता आलं असतं. पण तिनं बापाकडं पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. बापाची मान खाली जाण्यापेक्षा लंगडी ठरलेली बरी, असं त्या पोरीनं ठरवलं. मला तोंड असतं ना, तर मी छप्पर फाटेस्तोवर ओरडलो असतो.

धोंडीबा उठला. "पाव्हणं, पोरीचे पाय धड हायत. दिवसभर शेळ्यांमागं रानात पळती ती. खोटा ह्यो रंग हाय. लोकांच्या घरचा उरलासुरला मीच आणून कालवला. खास-बिस काई न्हाई."

बानूबाईनं पदर तोंडाला लावला. किशनराव मात्र मान हलवत राहिले. "रंग कुठं असा पाय धरतो काय?"

तेवढ्यात हरिओम उठला आणि सतरंजीवरून सरळ माझ्यावर उतरला. या वेळी मी मनापासून धरलं! त्याचा पाय वर आला, मोजा खालीच राहिला.

"मामा," तो एका पायावर उभा राहून म्हणाला, "माझ्याबी पायात दोष हाय बघा."

साधना फिसकन हसली. मग पदर सावरून म्हणाली, "आजून चार पावलं चाला. आमाला बी नीट बघू द्या."

आणि तो खरंच चालला! दुसरा मोजाही माझ्याकडं ठेवून गेला. किशनराव जाताना धोंडीबाच्या पायाशी वाकले नि म्हणाले, "चुकलं आमचं."

लग्न झालं. साधना गंगाखेडला गेली. मग धोंडीबानं दुकानातून एकाच कंपनीचा भरलेला डबा आणला. बानूबाईनं त्याच्या हातातला ब्रश धरला. "बाकी समदं रंगवा. दारापासला एवढा पट्टा सोडा."

त्या पट्ट्यावर मी आहे. उन्हाळ्यात पत्रे तापले की आतले तिघं पुन्हा भांडायला लागतात आणि मी पाझरतो. माझ्यात साधनाची दोन पावलं उमटलेली आहेत, एक सरळ, एक तिरकं. कुणी मला खरवडायला निघालंच, तर तेवढी सोडा, एवढंच मागणं आहे.

दुपारी कामं आटोपली की बानूबाई येते आणि लेकीच्या पावलावर आपला पाय ठेवते. मी तो धरून ठेवतो. ती ओढून घेत नाही.