गव्हर्नरसाहेबांसाठी दुआ

ताई चिडली की तिचं शिलाई मशीन जोरात चालायचं. त्या आठवड्यात तर ते इतकं जोरात चाललं की शेजारचा घड्याळवाला काय झालं बघायला आला, दारातून ताईचा चेहरा पाहिला आणि आल्या पावली परत गेला. शहाणा माणूस. शाळेच्या गणवेशांचा ढीग समोर पडला होता, पण ताईचं चित्त ठिकाणावर नव्हतं. तिचा एकुलता एक लेक तुरुंगात होता. तिचा धाकटा भाऊ दोन शब्द बोलला असता तर तो घरी आला असता, आणि भाऊ बोलायला तयार नव्हता.

लेकाला सगळे लंबू म्हणत. तो छापखान्यात कामाला होता. इस्पितळात औषधं नाहीत, एवढंच सांगणारं एक पत्रक तिथं छापलं गेलं. पोलीस आले आणि छापणाऱ्यांना, वाटणाऱ्यांना, इतकंच काय, कोपऱ्यावर उभं राहून नुसतं वाचणाऱ्यांनाही उचलून घेऊन गेले. चौकशीसाठी, म्हणाले. महिना होत आला तरी कुणी कुणाची चौकशी केली नव्हती, की कुणाला न्यायाधीशापुढे उभं केलं नव्हतं. गव्हर्नरांची सही झाली की पोरं सुटणार होती, आणि गव्हर्नर काही सही करत नव्हते.

भाऊ मोठ्या मशिदीचा खतीब. शुक्रवारच्या प्रवचनाचा खुतबा त्याचा, नमाज त्याची, आणि उरलेला आठवडाभर गावाची भांडणंही त्याचीच. वाटणीवरून डोकी फोडायला निघालेले भाऊ त्याच्यासमोर मांडी घालून बसत आणि तो सांगेल ते मुकाट्यानं ऐकत. सगळे त्याला मौलाना म्हणत. ताई मात्र धाकट्या म्हणे. आई गेल्यावर त्याचं नाक तिनंच पुसलं होतं आणि अलिफ-बे तिनंच गिरवून घेतलं होतं, त्यामुळे तिला तो अधिकार होता. कितीतरी गव्हर्नर आले नि गेले, पण मौलाना कुणाचीही पायरी चढला नव्हता. मेजवानीला नाही, उद्घाटनाला नाही. मशिदीतल्या दुआमध्येही त्यानं कधी कुठल्या सत्ताधाऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. लोकांचा त्याच्यावर विश्वास होता तो याच्यामुळेच, असं त्याचं ठाम मत होतं.

"एकदा जाऊन ये," ताई म्हणाली. तो दुकानात चहाला आला होता, कापडाच्या गठ्ठ्यावर बसला होता. "एक कप चहा प्यायचा, दोन शब्द टाकायचे. जीभ झिजते का तुझी?"

"त्या चहाचीच तर भीती आहे," मौलाना म्हणाला. "मी गेलो तर तो लंबूला सोडेल. नक्की सोडेल. मग उद्या तो कुणाचं तरी घर पाडेल आणि ती माणसं माझ्याकडे येतील. मी प्रवचनाला मिंबरवर उभा राहीन, आणि ताई, माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. मी त्याचा मिंधा झालेला असेन."

"डॉक्टर रोग्याच्या घरी जातो तेव्हा मिंधा होतो का? त्या माणसाभोवती सगळे मान डोलावणारे. शहाणी माणसं तुझ्यासारखी लांब बसली तर त्याच्या कानाशी उरणार कोण?"

"त्यानं मशिदीत यावं. तिथं दारावर शिपाई नाही."

"आणि नाही आला तर?"

मौलानानं चहाचा घोट घेतला. ताईनं मशीन थांबवलं. ती मशीन थांबवून बोलायची तेव्हा समोरच्यानं सावध व्हावं.

"म्हणजे स्वच्छ तू राहणार आणि भोगणार माझा पोरगा. हा कुठल्या किताबातला न्याय रे?"

मौलानानं अर्धा कप तसाच ठेवला आणि तो उठून गेला. घाव वर्मी बसलाय हे ताईला कळलं. बरं वाटलं नाही, पण पश्चात्तापही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच गव्हर्नरांच्या कचेरीत गेली. गळ्यातली मोजपट्टी काढायचीही राहून गेली. बाकावर माणसं नाक मुठीत धरून बसली होती. कोपऱ्यात प्लास्टिकची झाडं होती, त्यांवरची धूळसुद्धा कुणी पुसत नव्हतं. मौलानांची बहीण आली आहे, एवढं आत कळलं मात्र, गव्हर्नरांचे सेक्रेटरी स्वतः उठून दारात आले. अंगात भारी कोट होता, पण खांदे लोंबत होते. असलं कापड एखाद्या गाढवाच्या हाती दिलं की असंच व्हायचं, असं ताईच्या मनात आलं आणि तिची भीड पार चेपली.

"तुमच्या मुलावर साहेबांचा राग नाही हो," सेक्रेटरी म्हणाले. "पण त्या पत्रकामुळे लोकांत फार कुजबूज चालू आहे. येत्या शुक्रवारी मोठ्या मशिदीत साहेबांच्या नावानं दुआ झाली, अगदी नावानिशी, तर लोकांचं मन निवळेल. शनिवारी तुमचा मुलगा घरी."

"नावानिशी दुआ. बस?"

"बस. पण मौलाना ऐकतील?"

"ऐकेल. माझा शब्द आहे."

रस्त्यात निम्म्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की बाकीच्या पोरांबद्दल आपण अवाक्षर काढलं नाही. तिच्याच गल्लीतली होती त्यातली निम्मी. 'मी आई आहे, ठेकेदार नाही,' असं तिनं स्वतःला बजावलं, पण चालण्याचा वेग काही पहिल्यासारखा राहिला नाही.

मौलाना मशिदीच्या बाजूच्या खोलीत चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधत बसला होता. ताईनं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तो भडकेल अशी तिची खात्री होती, आणि भडकलेल्या धाकट्याला कसं आवरायचं याची तयारीही होती. पण तो भडकला नाही.

"नेमका काय शब्द दिलास?"

"त्याचं नाव घेऊन दुआ करशील."

"दुआमध्ये काय मागायचं, ते ठरवलं कुणी?"

"ते कोण ठरवतं? दुआ म्हणजे दुआ."

"आणि बाकीच्या पोरांचं?"

ताई गप्प बसली. ती गप्प बसण्याचे प्रसंग इतके कमी असत की मौलानानं चष्मा खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं.

"तू काल बोललीस ते खरं होतं," तो म्हणाला. "लांब राहून लोकांना जपतोय असं मला वाटायचं. जपत होतो स्वतःलाच. त्याच्याशी बोलायला हवं. पण त्याच्या दिवाणखान्यात, दार लावून नाही. तुझा शब्द मी पाळतो. फक्त निरोप पाठव, की साहेबांनी स्वतः यावं आणि पहिल्या रांगेत बसावं."

"अरे, उड्या मारत येईल तो!"

"येऊ दे. ताई, तू रागावशील माझ्यावर."

"आज काय आरती ओवाळतेय का तुझी?" असं म्हणून ती निघाली. पण तो असा शांत का, या विचारानं तिला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शुक्रवारी मशिदीत पाय ठेवायला जागा नव्हती. ताई वरच्या सज्जात, जाळीला नाक लावून बसली. बायकांच्या त्या रांगेत पत्रकं वाटणाऱ्या दोघा भावांची आई होती, पकडलेल्या पेंटरची नवी नवरी होती, आणि एक म्हातारी होती, जिचा नातू फक्त वाचत उभा होता. त्यांच्याकडे बघायचं ताई टाळत होती. खाली पहिल्या रांगेत गव्हर्नर बसले होते, कडक इस्त्रीत, शेजारी लोंबत्या खांद्यांचे सेक्रेटरी. साहेबांनी स्वतःचा कॅमेरावालाही आणला होता. असा प्रसंग वाया कोण घालवतो?

नमाज झाली. मौलाना लोकांकडे तोंड करून बसला, त्यानं हात उचलले. सगळ्यांचे हात उठले.

"या अल्लाह, आमच्या गव्हर्नरांवर," असं म्हणून त्यानं त्यांचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. मशिदीत सरसर कुजबूज झाली. जुन्या लोकांचे चेहरे पडले. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"त्यांच्यावर मेहेरनजर ठेव. त्यांना आरोग्य दे."

"आमीन," लोक पुटपुटले. गव्हर्नर मात्र खणखणीत म्हणाले. कॅमेरा जवळ सरकला.

"त्यांच्या घरात सुख दे."

"आमीन."

"जे इस्पितळ तू त्यांच्या हवाली केलंस, तिथं औषधं पोचवण्याची त्यांना बुद्धी दे."

यावर जी आमीन उठली तिनं सज्जाच्या काचा थरथरल्या. गव्हर्नरांचे हात वर होते. अल्लाहपुढे उचललेले हात मध्येच खाली कसे घ्यायचे, तेही चार हजार माणसांत आणि आपल्याच कॅमेऱ्यासमोर? तेही आमीन म्हणाले. आवाज जरा बसला होता.

"ज्या माणसांना चौकशीशिवाय कोंडून ठेवलंय, त्यांना न्यायाधीशापुढे उभं करण्याची, नाहीतर घरी सोडण्याची त्यांना हिंमत दे. एकालाही मागे न ठेवता."

"आमीन!" दोघा भावांची आई तर ओक्साबोक्शी रडू लागली. ताईचेही डोळे भरले. वा रे धाकट्या, तिनं मनात म्हटलं, वा!

"आणि या अल्लाह, त्या कोंडलेल्यांत माझ्या रक्ताचं कुणी असेल, तर त्याची सुटका सगळ्यांत शेवटी होऊ दे."

कुणीच आमीन म्हटलं नाही. दुसऱ्याच्या पोराबद्दल असली आमीन म्हणायची कशी? खाली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. वर एकेक करत सगळ्या बायकांच्या माना ताईकडे वळल्या. मौलाना हात तसेच धरून, डोळे मिटून थांबला होता. त्याला घाई नव्हती.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला वाटलं, खाली जावं आणि या खतिबाचा कान धरून त्याला बाहेर काढावं. पण ती मूर्ख नव्हती. उद्या लंबू एकटा, सगळ्यांच्या आधी घरी आला असता, तर आज मागितलेलं सगळं एका सौद्याची बोलणी ठरलं असतं. आणि सौदा झालाच होता की. तिनंच केला होता, त्या प्लास्टिकच्या झाडांशेजारी. मोडायचा तर तो तिलाच मोडायला हवा होता. शेजारची म्हातारी तिच्याकडे नुसती बघत होती, काही मागत नव्हती, आणि तेच ताईला सहन होईना.

"आमीन," ताई म्हणाली. रस्त्यापलीकडून गिऱ्हाईकाला हाक मारायच्या आवाजात म्हणाली. जाळीतून तो आवाज खाली उतरला, आणि मग सगळी मशीद म्हणाली. सगळ्यांत शेवटी, मान खाली घालून, गव्हर्नरही म्हणाले.

ती चित्रफीत दुसऱ्या दिवशी घराघरात पोचली होती. साहेबांनीही वेळ दवडला नाही. 'गव्हर्नरांचं मोठं मन' अशा मथळ्याच्या बातम्या छापून आल्या. इस्पितळात औषधांच्या गाड्या आल्या, त्यांच्यापुढे साहेबांचे फोटो निघाले. ताईनं वर्तमानपत्र चुरगाळून फेकलं. "घेऊ दे त्याला श्रेय," मौलानानं घड्याळवाल्याकरवी निरोप पाठवला, "आपल्याला औषधं हवी होती." घड्याळवाल्याकरवी, कारण ताईनं भावाशी बोलणं टाकलं होतं. त्याचा जेवणाचा डबा मात्र रोज वेळेवर जात होता. भाऊ उपाशी राहिला असता तर भांडायला तिला दुसरं होतं कोण?

याच दरम्यान गव्हर्नरांच्या बंगल्यावरून मौलानाला मेजवानीचं आमंत्रण आलं. त्यानं आभार मानले आणि कळवलं की शुक्रवारी पहिली रांग मोकळी असते, साहेबांनी केव्हाही यावं.

पोरं सुटू लागली. एके दिवशी चार, मग दोन, मग कुणीच नाही, मग पुन्हा तीन. सेक्रेटरींनी दुआचं शेवटचं वाक्य अगदी मनावर घेतलं होतं. ताई रोज सकाळी तुरुंगाच्या दाराशी जायची. बाहेर येणाऱ्या प्रत्येक पोराला पाहून ती हसायची, त्याच्या आईला मिठी मारायची आणि एकटी घरी यायची. वाटेत तिचा जीव तुटत असे. आपण हे काय मागून बसलो, असं मनात येई आणि ती परत मशीनवर बसे. एकदाही तिनं आपला शब्द मागे घेतला नाही.

मग आत फक्त लंबू उरला.

त्या सकाळी आपण एकट्याच असणार, अशा तयारीनं ती तुरुंगाशी पोचली. तिथं दोघे भाऊ त्यांच्या आईसह उभे होते. पेंटर आणि त्याची नवरी होती. नातवाच्या खांद्यावर हात टाकून म्हातारी होती. एकूण एक सुटलेला पोरगा होता, आणि ज्याच्या त्याच्या घरची माणसं. ती काल नव्हती, आज कुणी कुणाला न सांगता आली होती.

"आता तर एकच राहिलाय," पहारेकरी वैतागून म्हणाला. "एवढी सगळी कुणासाठी?"

"त्याच्यासाठीच," म्हातारी म्हणाली, आणि तिथल्या दगडावर बैठक मारून बसली.

मौलानाही आला आणि मागे उभा राहिला. ताईनं त्याला पाहिलं. ती फक्त थोडी बाजूला सरकली, आणि तो पुढे येऊन तिच्या शेजारी उभा राहिला.

ऊन चांगलंच वर आल्यावर छोटा दरवाजा उघडला आणि लंबू वाकून बाहेर आला. वाळला होता, दाढी वाढली होती. समोरची गर्दी पाहून तो गोंधळला. ताईनं त्याला धरलं तेव्हा इतके दिवस बांधून ठेवलेलं रडणं सुटलं, आणि तिनं ते सुटू दिलं.

"आई, सगळे गेले गं," लंबू तिच्या डोक्यावरून म्हणाला. "रोज वाटायचं, आज माझं नाव येईल. मीच कसा काय शेवटी राहिलो?"

मौलानानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. ताईनं हात करून त्याला थांबवलं, डोळे पुसले आणि पोराकडे मान वर करून पाहिलं.

"मीच मागितलं होतं तसं," ती म्हणाली. "चल, घरी जाऊ. सगळं सांगते."