झाकणावरचा काळा ठिपका

मित्रांनो, मी एक जुना हेलिकेज आहे, म्हणजे एक प्रथिन. नाव ऐकून बिचकू नका. माझे भाऊबंद तुमच्याही शरीरात राबतात, फक्त तुमची ओळख कुणी करून दिलेली नसते. डीएनएचा पिळलेला दोर उलगडायचा, हे आमचे काम. दोर उलगडला की त्याची दुरुस्ती होते.

मी माणसाचाच, पण माणसाच्या अंगात कधी राहिलो नाही. माझा नमुना, म्हणजे मला घडवणारे जनुक, जंतूंच्या पोटात घातला, त्यांना कोमट रसात हलवत ठेवले आणि मग फोडून मला बाहेर काढले. जन्मताच आईचा जीव घेणारा मी. त्याबद्दल मला कुणी बोल लावला नाही.

मला शंभर चिमुकल्या नळ्यांत भरून उणे ऐंशी अंशांच्या पेटीत ठेवले. शंभरही नळ्यांत मीच होतो. प्रयोगशाळेचा नियम असा, की माझी नळी एकदाच वितळवायची. परत गोठवली की मी आतून मोडतो आणि वरून काही कळत नाही. म्हणून वितळवलेल्या नळीच्या झाकणावर काळा ठिपका द्यायचा.

मला घडवणाऱ्या संशोधक बाईंना सगळे ताई म्हणत. त्यांची सख्खी धाकटी बहीण पंचविशीतच पिकली होती. केस पांढरे, हातांवर सुरकुत्या. रस्त्यात लोक तिला ताईंची आई समजत आणि ती हसण्यावारी नेई. तिच्या रक्तात माझ्या नमुन्यातले एक अक्षर बदललेले सापडले. हा बदल निरुपद्रवी असला तर प्रश्न नव्हता. घातक असला तर अंगात कर्करोगाच्या गाठी धरण्याआधीच तपासण्या सुरू करायला हव्या होत्या.

ताईंनी धाकटीचाही हेलिकेज बनवला आणि माझ्या शेजारच्या खणात ठेवला. नळीवर फक्त ‘धाकटी’ एवढेच लिहिले. एकदा ती स्वतः बघायला आली.

“ताई, यात मी आहे?”

“तुझ्यातलं एवढंसं.”

“मग तिला थंडी वाजत असेल गं.”

ताईंनी पेटीचे दार लावून घेतले. शेजारच्या खणात मात्र कुणीतरी ऐकत होते.

चाचणीसाठी ताईंनी माझी एक्केचाळिसावी नळी बर्फात काढली, ती वितळली तेवढ्यात घरून फोन आला. धाकटी जिन्यात पडली होती. ताईंनी घाईघाईने नळी पेटीत टाकली आणि धावल्या. ठिपका राहिला. मी पुन्हा गोठलो आणि मोडलो.

पंधरवड्याने तीच नळी त्यांच्या हाती लागली. मी आणि धाकटी, दोघांना डीएनएचे सारखे तुकडे दिले. दोर उलगडला की उजेड पडतो. आम्ही दोघेही सारखेच मंद उजळलो. निरोगी म्हणून उभा केलेला साक्षीदार अर्धमेला आहे, हे मला ओरडून सांगायचे होते. पण मला तोंड कुठे? ताईंना आलेखावरच्या दोन रेघा सारख्या दिसल्या, आणि माणसाला जे हवे असते तेच आधी दिसते. बदल निरुपद्रवी आहे असे ऐकून त्या दिवशी धाकटीने केस काळे करून घेतले.

दोन दिवसांनी वही पुढे लिहिताना ताईंची नजर मागच्या पानावर गेली. ‘४१ काढली.’ त्यापुढे काहीच नव्हते. त्यांनी कचऱ्याच्या डब्यातून नळी शोधून काढली आणि झाकण उजेडात धरले. आता एकच ठिपका होता, परवाचा. पहिला नव्हताच. त्यांच्याशिवाय कुणाला काही कळले नसते. गप्प बसणे सोपे होते. त्यांनी उठून माझी नवी नळी काढली. या खेपेला मी लख्ख उजळलो. धाकटी मात्र तेवढीच मंद राहिली.

ताईंनी सगळे सांगितले, स्वतःची चूकसुद्धा. धाकटी एवढेच म्हणाली, “वेळेत सांगितलंस ना, बास.” तपासण्या लगेच सुरू झाल्या. तिला आणखी सात वर्षे मिळाली.

आता पेटीत माझी एक नळी उरली आहे आणि तिची एक. ताईंचे केस पांढरे झाले आहेत. दर महिन्याला त्या दार उघडतात, तिच्या झाकणावरचे हिम अंगठ्याने पुसतात आणि ठिपका नाही याची खात्री करून घेतात. दार उघडले की शेजारून मला हलकेच विचारले जाते, “ताई आली का रे?”

मित्रांनो, ठिपका द्यायला कधी विसरू नका. आणि ठिपका नसलेली जुनी नळी हातात आली, तर जरा जपून धरा. तिच्यात कुणीतरी एकदाच जागे व्हायचे बाकी आहे.