टायपिस्टबाईंच्या एकसष्ट फ्लॉप्या

"अहो, हात नका लावू त्याला! काय कुरकुरायचं ते कुरकुरू दे. माझ्या फ्लॉप्या याच मशीनवर चालतात, दुसरं कुठलं मशीन त्यांना दारात उभं करत नाही."

टायपिस्टबाई असं म्हणाल्या आणि मेकॅनिक पोट धरून हसला. बारा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. असल्या समजुती त्यानं पोत्यानं ऐकल्या होत्या. "मशीन म्हणजे काय मांजर आहे, बाई, तुमचाच लळा लागायला?" म्हणाला, आणि झाकण उघडलंसुद्धा. फ्लॉपी लिहिणारं-वाचणारं हेड केसभर सरकलेलं होतं. त्यानं स्क्रू ढिला केला, चाचणीची फ्लॉपी घालून हेड बरोबर रेषेत आणलं आणि स्क्रू आवळला. कुरकुर बंद. स्वारी खुशीत चहाला गेली.

दुपारी मोठे साहेब आले. हॉस्पिटलचे जुने केसपेपर बाईंनी चार वर्षं बसून एकटीनं टाइप केले होते. ते साहेबांनी पाहिले, की अकरा वर्षांच्या हंगामी नोकरीनंतर बाई कायम होणार होत्या. घरी अंथरुणाला खिळलेली बहीण होती. कायम म्हणजे काय, ते कायम नोकरीवाल्याला नाही कळायचं!

बाईंनी पहिली फ्लॉपी घातली. घर्र घर्र. वाचता येत नाही. दुसरी, तिसरी, तेच. शेजारच्या मशीनवरही तेच.

"चार वर्षं काय नुसती खटखट करत होतात?" साहेब म्हणाले. हेडक्लार्क फिदीफिदी हसला.

"काल चालत होत्या हो, साहेब! सकाळी यांनी मशीन उघडलं..." बाईंनी चहावरून परतलेल्या मेकॅनिककडे बोट केलं.

सहाव्या फ्लॉपीला मेकॅनिकला सगळं उमगलं होतं. वाकड्या हेडनं लिहिलेलं वाकड्या हेडलाच वाचता येणार! बाई सकाळी बोलल्या ते अक्षर न् अक्षर खरं होतं. आधी नकला काढायच्या, मग स्क्रूला हात लावायचा, हे तर या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. अजून वेळ गेली नव्हती. हेड हळूहळू मागे सरकवलं असतं तर दोन तासांत सगळं वाचता आलं असतं. पण त्यासाठी 'चूक माझी' म्हणावं लागलं असतं, आणि पुढच्या वर्षीचं त्याचं कंत्राट साहेबांच्या टेबलावर सहीला पडलं होतं.

"मशीनमध्ये दोष आहे?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. सकाळीच साफ केलं. एकदम ठणठणीत आहे."

एक शब्द खोटा नव्हता, मेल्याचा!

"उद्यापासून येऊ नका, बाई. आणि मेकॅनिक, त्या फ्लॉप्या कोऱ्या करून ठेवा. वाया कशाला घालवायच्या?"

साहेब गेले. मेकॅनिक एकसष्टच्या एकसष्ट फ्लॉप्या एकेक करून पुसायला बसला. बाई जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही जाणकार आहात. खरं सांगा, माझंच काही चुकलं का हो?"

त्यानं मान वर केली नाही. "फ्लॉप्यांना ऊन लागलं असेल."

"अगंबाई! साहेबांना दाखवायच्या म्हणून मीच सगळ्या खिडकीशी मांडून ठेवल्या होत्या." बाईंनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी पर्स खुर्चीवर ठेवली आणि टेबलाला खांदा लावला.

"काय करताय?"

"इथं नवीन कोणी येईल ना बसायला. तिचं तरी असं नको व्हायला. जरा त्या बाजूनं धरा."

मेकॅनिक उठला. दोघांनी मिळून टेबल खिडकीपासून लांब, भिंतीला नेऊन लावलं.