दहा मिनिटांची सुट्टी

बिस्किटांच्या कारखान्यात पट्ट्याशी उभं राहून पुडे भरण्यात थोरलीने तीस वर्षं काढली. आता तिच्या जागी तिची लेक उभी होती. जेवायची सुट्टी दहा मिनिटांची. तेवढ्यात हात धुऊन डबाही उघडून होत नाही. मोडकी बिस्किटं मात्र फुकट, म्हणून बायका मूठभर तुकडे तोंडात कोंबून परत कामाला लागत. लेकीच्या वेळी थोरलीने नऊ महिने तेच खाल्लं. लेक जन्मली साडेचार किलोची. शाळेत तिला ‘ढोली’ नाव चिकटलं, ते कारखान्यापर्यंत आलं.

ढोलीला सातवा महिना लागला आणि तपासणीत साखर वाढलेली निघाली. वेळेवर, सावकाश बसून जेवा, असं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं. ती चिठ्ठी घेऊन ती कल्याण अधिकाऱ्याकडे गेली. हा गृहस्थ कामगारांचं कल्याण खुर्चीतून न उठता करायचा. त्याने चिठ्ठी वाचली नाही. तिला मात्र वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. जिभेवर ताबा हवा, पोरं आईच्या पोटातूनच लठ्ठ होऊन येतात, असं ऐकवलं. पुढच्या आठवड्यात याच विषयावर त्याचं भाषण होतं. तिने पहिल्या रांगेत बसायचं होतं.

ती बसली. त्याने पडद्यावर लठ्ठ मुलांची चित्रं दाखवली, स्वतःच हसला, आणि शेवटी प्रत्येक गरोदर बाईला क्रीमच्या बिस्किटांचा मोठा पुडा भेट देऊन फोटो काढून घेतले.

घरी थोरलीने तो पुडा उचलून फळीवर मागे सारला. लेकीच्या अंगाला नावं ठेवणाऱ्यांत इतकी वर्षं तीही होती. मग म्हणाली, “मी घाबरून उभ्या उभ्या गिळत राहिले. तू बसून जेव. काय करायचं ते करू देत.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ढोली पट्टा सोडून डबा उघडून बसली. मुकादमाने आवाज चढवला. ती घास चावत राहिली. चौघी तिच्या शेजारी येऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी अख्ख्या पाळीतल्या बायका बसल्या, पट्टा थांबला, आणि सुट्टी अर्ध्या तासाची झाली.

अधिकाऱ्याने अहवालात हे आपल्या भाषणाचं फळ म्हणून लिहिलं. लाज कशाशी खातात, हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं.

ढोलीला मुलगी झाली, सव्वातीन किलोची. साखर उतरली, तिचं स्वतःचं वजन फारसं उतरलं नाही. अधिकारी फोटोवाल्याला घेऊन दवाखान्यात आला. थोरलीने त्याला दारातूनच वाटेला लावलं.